दांडगं काडतूस

घाटकोपर,
२५ ऑक्टोबर १९५५

चि. जयूस अनेक आशीर्वाद.

पद्मजाची सहामाही परवा संपली. गणिताचा पेपर देऊन आली ती माझ्यावरच रागावत. "मामा, तुम्ही शिकवलेलं एकही गणित आलं नाही," म्हणते. म्हणजे चूक मामाची! तुझी लेक थेट तुझ्या वळणावर गेली आहे. तुझ्या क्षमावहिनीने तिला दिवाळीसाठी अबोली रंगाचं परकर-पोलकं शिवलंय, ते घालून मनोरीला कधी येते असं तिला झालं आहे.

मार्तंडरावांना एक निरोप दे. त्यांची वस्तू तयार आहे म्हणावं, कधीही घेऊन जा.

आता वस्तू कोणती ते तू विचारशील. गेल्या महिन्यात ते त्यांचं जुनं पिस्तूल घेऊन माझ्या दुकानात आले होते. "जयंतीला बोलू नका, ती घाबरते," असं बजावून गेले. पण बहिणीपासून काय लपवायचं? आणि काम इतकं झकास झालंय की सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ते पिस्तूल म्हणजे देश सोडून जाणाऱ्या इंग्रज साहेबाने विकलेला शोभेचा माल. त्याच्या काडतुसात जोर असा नव्हताच. मार्तंडराव म्हणाले, याच्यात दांडगं काडतूस चालेल असं करून द्या. मी नळी बदलली, आतलं आणखी काय काय बदललं, तुला त्यात गोडी नाही. पण लढाईच्या वेळी लष्करी कारखान्यात असली कामं इंग्रज सार्जंटसुद्धा माझ्यापुढे आणून ठेवायचे, हे विसरू नकोस. परवा दुकानामागे सागाची जाड फळी उभी करून पाहिलं. जुनी गोळी फळीत रुतून बसली. नवी फळी फोडून पलीकडच्या वाळूच्या पोत्यात! क्षमा स्वयंपाकघरातून पीठ भरल्या हातांनी धावत आली.

परवान्यावर अजून जुन्या काडतुसाचीच नोंद आहे. ती सवडीने बदलून घ्या म्हणावं.

तुझा
दादा

*

मनोरी,
२८ ऑक्टोबर

ती. दादास शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं सूप खाली पडलं. तांदूळ सगळ्या पडवीभर झाले. जानकी विचारत होती, बाई, काय झालं, काय झालं.

दादा, कुठलं पिस्तूल? ते पिस्तूल गेल्या वर्षापासून माझ्या ट्रंकेत आहे. लग्नातल्या शालूखाली, फडक्यात गुंडाळून, कुलपात. किल्ली माझ्या गळ्यात असते. तुझं पत्र आल्यावर मी माजघराचं दार लावून ट्रंक उघडली. शालू होता, खाली फडकं होतं, फडक्यात जडसं काही होतं. मला वाटलं, दादाची थट्टा असेल. सोडून पाहिलं तर आत खलबत्त्यातला बत्ता! मी झोपले असताना गळ्यातली किल्ली काढून घेतली असणार. महिनाभर मी तो शोधत होते. जानकीला, तिच्या नवऱ्याला बाळाला, सगळ्यांना विचारून झालं होतं. यांनीही माझ्याबरोबर तो शोधला होता. ओणवं होऊन चुलीमागे बघितलं होतं.

तू ते पिस्तूल त्यांना देऊ नकोस. काही कारण सांग. मोडलं म्हण, पोलिसांनी ठेवून घेतलं म्हण. आणि मला उलट टपाली कळव, ते हवंय कशाला असं त्यांनी तुला सांगितलं?

बाकी इथे सर्व ठीक. यांचं हृदय जरा नाजूक आहे एवढंच, तुला माहीतच आहे.

तुझी
जयू

*

घाटकोपर,
१ नोव्हेंबर

चि. जयूस आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्याच दिवशी मार्तंडराव येऊन पिस्तूल घेऊन गेले. चहा घेतला, पद्मजाला जवळ बसवून तिच्याकडून कविता म्हणून घेतली, माझं काम तास-दीड तास निरखून पाहिलं. इतके नीटनेटके प्रश्न विचारले की मला वाटलं, हा माणूस कचेरीत उगाच फुकट गेला.

बत्त्याचं वाचून मात्र मी आणि क्षमा पोट धरधरून हसलो. बायको घाबरते म्हणून नवऱ्याने केलेली चोरी! रागावू नकोस. त्यांनी मला सगळं सांगितलंय. दारूबंदी झाल्यापासून तुमच्या किनाऱ्यावर होड्या लागतात, माणसं माल उतरवून तुमच्या वाडीतून नेतात, आंब्याखाली दबा धरून बसतात, तुमच्या दाराला कान लावतात. एवढं झाल्यावर माणसाने काय करावं? मी आधी थोडा कचरलो होतो. परवान्याची भानगड आहे, आणि दांडग्या काडतुसाचं हत्यार म्हणजे खेळ नव्हे. पण ते म्हणाले, "मी एकट्यानेच पाहिलं असतं तर मीच मला वेडा म्हटलं असतं. जयंतीनेसुद्धा पाहिलीत ती माणसं. तिला विचारा." मग मी काम हाती घेतलं. तू पाहिलंस म्हणजे खरंच.

मला वाईट एवढंच वाटलं, की असल्या भीतीत राहतेस आणि दादाला एका अक्षराने कळवत नाहीस.

असो. शनिवारी शाळेला सुट्टी लागते. मी पद्मजाला मार्व्याच्या धक्क्यापर्यंत आणून संध्याकाळच्या होडीत बसवून देईन आणि तसाच परत फिरेन, दिवाळीआधी दुकान बंद ठेवता येत नाही. पलीकडे जानकीला उभी कर. पोरीची पेटी जड आहे.

तुझा
दादा

*

मनोरी,
३ नोव्हेंबर

ती. दादास,

पद्मजाला पाठवू नकोस. आधी हे वाच, मग पुढचं. तिला पाठवू नकोस.

दादा, इथे कुणी माणसं येत नाहीत. होड्या लागत असतील गोराईकडे, मला ठाऊक नाही. पण आपल्या वाडीत कुणी येत नाही, आंब्याखाली कुणी बसत नाही, दाराला कुणी कान लावत नाही.

यांचं हृदय चांगलं आहे. त्यांनी नोकरी हृदयासाठी सोडली नाही. कचेरीतले कारकून आपल्यावर पाळत ठेवतात, टेबलाच्या खणात आपल्या नावाचे कागद ठेवतात, असं ते म्हणू लागले. एक दिवस त्यांनी साहेबाच्या खोलीत जाऊन सगळे खण जमिनीवर ओतले. साहेब भला माणूस, त्याने राजीनामा लिहून घेतला आणि गोष्ट तिथेच मिटवली. मी तुला आणि सगळ्यांना हृदयाचं सांगितलं. पद्मजाचं लग्न व्हायचंय, असल्या गोष्टी कुणाला सांगायच्या? मनोरीला वारा चांगला, माणसं कमी, इथे बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पहिले काही महिने वाटलंही.

मग ती माणसं आंब्याखाली आली.

सुरुवातीला मी म्हणायची, अहो, कुणी नाही तिथे. मग ते जेवत नसत. माझ्याकडे असं बघत की मीही त्यांच्यातलीच. एकदा दमून मी म्हटलं, "हो, दिसले मला. आता गेले बघा." त्यांचा चेहरा असा निवळला दादा, लहान मुलासारखा! पोटभर जेवले, झोपले. तेव्हापासून मी तेच करते. रोज संध्याकाळी ते खिडकीशी बोलावतात, "दिसले?" मी म्हणते, "दिसले." मग थोड्या वेळाने म्हणते, "गेले." माझ्या त्या "दिसले"चा पुरावा करून त्यांनी तुझ्याकडून हे करवून घेतलं.

पिस्तूल त्यांच्या कमरेला असतं. झोपतानाही. मी मागून पाहिलं, रुसून पाहिलं. "तुझ्यासाठीच तर आहे," म्हणतात.

मी यांना सोडून निघू शकत नाही. तू ये. पण पद्मजाला आणू नकोस.

जयू

*

मनोरी,
५ नोव्हेंबर, शनिवार

रा. रा. विद्याधरपंत यांस सा. न. वि. वि.

आपण केलेल्या कामाबद्दल अभिनंदन करण्यासाठी हे चार शब्द लिहीत आहे. आज दिवेलागणीच्या सुमारास प्रसंग आला, आणि हत्याराने जराही दगा दिला नाही. आमचे दार सागवानी असून चांगले जाड आहे हे आपण जाणताच. पूर्वीच्या काडतुसाने काही साधले नसते. आज गोळी दारातून आरपार गेली.

ते नेहमीप्रमाणे आंब्याखाली जमले होते. दोघे असावेत. त्यांतला एक धीट होऊन पायरीपर्यंत आला. त्याने कसलीतरी हाक दिली. आवाज बदलण्यात ही माणसे फार वाकबगार असतात. घरातल्या माणसाच्या आवाजात हाक मारतात, म्हणजे आपण दार उघडावे. मी उघडले नाही. एकच गोळी झाडली. एक जण पडला. काहीतरी अवजड वस्तूही पडल्याचा आवाज झाला, बहुधा मालाची पेटी असावी. दुसरा ओरडत पळाला. त्याचा आवाज मुलीसारखा होता.

जयंती मागे विहिरीवर होती. ती फार घाबरली आहे, पण सुखरूप आहे. आता ते पुन्हा येणार नाहीत असे वाटते. पुष्कळ महिन्यांनी मन अगदी शांत आहे.

चि. पद्मजा आज यावयाची होती, ती अद्याप आलेली नाही. होडी चुकली असावी. कळवावे.

आपला
मार्तंड

*

मनोरी,
६ नोव्हेंबर

दादा,

पद्मजा सुखरूप आहे. कोळीवाड्यात, आम्हाला मासळी देणाऱ्या सुगंधाच्या घरी आहे. बोलत नाही, पाणी पीत नाही, पण तिला कुठे खरचटलंही नाही.

जानकीला लागलं.

माझं पत्र तुला वेळेवर मिळेल या आशेवर मी होते, तरी जीव राहवेना म्हणून जानकीला धक्क्यावर पाठवलं. म्हटलं, पोर आलीच तर घरी आणू नकोस, सुगंधाकडे ने. का ते सांगितलं नाही. घरातली गोष्ट बाहेर कशाला, असं मनात आलं. पद्मजा ऐकेना. "आधी बाबांना भेटते." मग जानकीने तिला आंब्यापाशी थांबवलं. "थांब हां बाय, मी फुडे जावन बघतंय," म्हणाली आणि डोक्यावर पेटी घेऊन दारापर्यंत आली. "बाईनू, मी जानकी," अशी हाक मारली. मी विहिरीवर ती ऐकली. "आले गं," असं म्हणायला तोंड उघडलं, आणि आवाज झाला.

खांद्यातून गेली. हाड फुटलंय. मी पोचले तेव्हा ती पायरीवर बसलेली होती आणि पेटीतून सांडलेले पद्मजाचे कपडे दुसऱ्या हाताने गोळा करत होती. अबोली परकर रक्ताने भिजला होता. "बाईनू, पोरीचो परकर," एवढं म्हणाली आणि आडवी झाली.

बाळाने आणि कोळ्यांनी तिला होडीतून मार्व्याला नेलं, तिथून मोटारीने मुंबईच्या मोठ्या इस्पितळात. हे दारातून डोकावले नाहीत. मी पिस्तूल मागितलं तर लगेच दिलं. "ठेव आता. काम झालं," म्हणाले. मग लिहायला बसले. होडीवाल्याकडे पत्र दिलं. कोणाला लिहिलं ते मी विचारलं नाही.

दाराला भोक पडलंय. त्यातून आज सकाळी ऊन आत आलं.

उद्या पोलीस येतील.

जयू

*

घाटकोपर,
९ नोव्हेंबर

जयू,

तुझं आणि मार्तंडरावांचं, दोन्ही पत्रं सोमवारी एकाच टपालात आली. तुझं "पाठवू नकोस"चं पत्र शनिवारी दुपारी आलं होतं, मी पद्मजाला घेऊन निघाल्यावर. क्षमाने ते न फोडता माझ्या टेबलावर ठेवलं. मी ते रात्री परत आल्यावर वाचलं. तेव्हा होडी बंद झालेली. रविवारी पहिल्या होडीने निघायचं ठरवलं, तर क्षमा म्हणाली, पोर पोचली असेल, बापाजवळ आहे, उगाच घाबरंघुबरं होऊन त्यांचं डोकं आणखी फिरवू नका. मलाही ते पटलं. का पटलं, ते आता विचारू नकोस.

सोमवारी मी आधी मार्तंडरावांचं पत्र फोडलं. एक जण पडला. मालाची पेटी. आवाज मुलीसारखा. पद्मजा अद्याप आलेली नाही.

जयू, मी अनवाणी धावत सुटलो. कुठे धावतोय तेही कळत नव्हतं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्षमाने मागून गाठलं. तुझं पत्र तिच्या हातात, पदर रस्त्यावर. "पद्मजा नाही! पद्मजा नाही हो, ती जानकी आहे, जानकी!" मी तिथेच रस्त्यात मटकन बसलो आणि काय म्हणालो माहीत आहे? "सुटलो."

पानवाला ऐकत होता. त्याने विचारलं, काय झालं शेठ, चांगली बातमी?

मी तसाच इस्पितळात गेलो. जानकीला गुंगीचं औषध दिलेलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, हात मात्र वर उचलता येणार नाही. उजवा हात. बाळा बाहेर व्हरांड्यात उकिडवा बसला होता. मला बघून उठून उभा राहिला. मला बघून, जयू! मी त्याला बस म्हटलं तरी बसेना. मग म्हणाला, "दादानू, बाईनी सांगितल्यानी, पिस्तूल साफ करताना उडाला म्हणान सांग. मी सांगान. बाईंचा मीठ खाल्लंय. पण जानकीक कोणी इचारल्यान काय?"

मग मीच त्याच्या पायांशी जमिनीवर बसलो.

त्या फळीतून गोळी आरपार गेली तेव्हा मी टाळी वाजवली होती. पोत्यातून गोळी काढून आल्या-गेल्याला दाखवत होतो. एका माणसाने येऊन सांगितलं, माझ्या दारापलीकडे माणसं असतात, मला दार फोडणारी गोळी हवी. आणि मी त्याला एवढंही विचारलं नाही, की दारापलीकडे तुमची माणसं असली तर?

मी पोलिसांत जाणार आहे. काय केलं ते सगळं सांगणार आहे.

दादा

*

मनोरी,
११ नोव्हेंबर

दादा,

जाऊ नकोस. तुझ्या पाया पडते.

पोलीस यांना घेऊन गेले. चपला घालायला विसरले होते, मी धावत जाऊन दिल्या. जाताना मला म्हणाले, "दार आतून लाव." फौजदाराने पिस्तूल नेलं. अजून कुणी नीट तपासलेलं नाही.

मुलुंडहून शरच्चंद्र भाऊजी आले होते. यांचे चुलतभाऊ, वकील. ते म्हणतात, साफ करताना उडालं एवढंच राहिलं तर दंडावर भागेल. पण पिस्तूल मुद्दाम बदलून, दांडगं करून घेतलं होतं असं बाहेर आलं, तर कुणीही म्हणेल की हा माणूस महिनाभर आधीपासून कुणाला तरी मारायची तयारी करत होता. आणि डोक्याचं सांगावं, तर मग पद्मजाचं काय? तिच्याकडे लोक कसे बघतील? भाऊजी म्हणाले, "तुमच्या भावाला आवरा. तो स्वतः बुडेल आणि मार्तंडालाही बुडवेल."

जानकीसाठी मी जन्मभर करीन. तिला काही कमी पडू देणार नाही. पण तुझ्या मनाला बरं वाटावं म्हणून माझं घर मोडू नकोस. तू त्या फळीमागे टाळी वाजवलीस, मी खिडकीत "दिसले" म्हटलं. आपण दोघं मिळून हे केलं. आता शिक्षा मात्र त्यांना एकट्यालाच?

तू गेलास, तर पुन्हा मला पत्र घालू नकोस.

जयू

*

घाटकोपर,
१४ नोव्हेंबर

चि. जयू,

आज लक्ष्मीपूजन. दुकानाला पोलिसांचं सील आहे. मी शनिवारी जाऊन आलो.

तू शिक्षेचं लिहिलंस म्हणून सांगतो. मी मार्तंडरावांचं पत्र फौजदारापुढे ठेवलं. त्याने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि काठी बाजूला ठेवून खुर्चीत मागे टेकला. म्हणाला, "हा माणूस कोठडीत काय करतोय? याला डॉक्टरकडे न्यायला हवं." साफ करताना उडालं म्हणत राहिलो असतो, तर दंड भरून ते घरी आले असते, त्याच खिडकीशी. मग पुढच्या खेपेला बत्ता नाहीतर कोयता.

माझ्यावर खटला होईल. परवान्याबाहेरचं हत्यार बनवलं, नोंद न करता बनवलं. खरंच आहे ते. क्षमा दोन दिवस बोलली नाही. आज सकाळी तिने दारात रांगोळी काढली आणि म्हणाली, "इस्पितळात फराळ चालतो का विचारा."

पद्मजाला इकडे पाठव. की तुझ्याजवळ ठेवतेस? तू म्हणशील तसं. पत्र घालू नको म्हणालीस, तरी हे एक घालतो आहे.

दादा

*

मनोरी,
८ एप्रिल १९५६

ती. दादास शि. सा. नमस्कार.

इतके महिने मी तुला लिहिलं नाही. तुझी पत्रं येत होती, वाचत होते. राग होता. अजून आहे थोडा, खोटं कशाला सांगू? पण काल मी वेड्यांच्या इस्पितळात यांना भेटून आले आणि आल्यावर पहिल्यांदा तुलाच लिहावंसं वाटलं.

आधी इकडचं सांगते. जानकी घरी आली, म्हणजे तिच्या झोपडीत. आमच्या दाराशी ती येत नाही. मीही ये म्हणत नाही. रोज सकाळी मीच तिच्याकडे जाते आणि तिची वेणी घालते. ते एका हाताने जमत नाही. पहिल्या दिवशी तिने मान फिरवली होती. आता फणी स्वतः काढून ठेवते. यांचा खटला थांबवण्याआधी कोर्टात तिला उभं केलं होतं. मॅजिस्ट्रेटनी तिलाच विचारलं, बाळाला नाही, मला नाही. ती म्हणाली, "मी हाक मारलंय, सायबांनी ऐकली नाय. पण ते वाईट नाय. कोणीतरी आधी सांगूक व्हया होता." कुणी, ते तिने सांगितलं नाही. बाहेर आल्यावर बाळाने मला पाणी आणून दिलं. ते मी जानकीपुढे धरलं.

तुझ्या दुकानाचं क्षमावहिनीने लिहिलं. हत्यारांचा परवाना गेला, आता पंपांची दुरुस्ती करतोस म्हणे. पद्मजा म्हणते, मामाच्या हाताला आता तेलाऐवजी चिखलाचा वास येतो.

आता यांचं. यांच्यावरचा खटला हे बरे होईपर्यंत थांबवलाय, ते तुला ठाऊकच आहे. डॉक्टर तरुण आहेत, सौम्य बोलतात. औषधांनी बरंच उतरलंय म्हणाले. केस पांढरे झालेत. व्हरांड्यात बाकावर बसले होते. मला पाहून उभे राहिले, परक्या बाईला पाहून उभं राहावं तसे. मी शेजारी बसले. आम्ही समोरच्या जांभळीकडे बघत होतो.

मग तेच म्हणाले, "डॉक्टर सांगतात, ती जानकी होती."

"हो."

"तिने हाक मारली होती?"

"मारली होती."

"आणि मागे आवाज आला, ती पद्मजा?"

मी मान हलवली. त्यांनी बाकाची कड घट्ट धरली. मला वाटलं, आता हे ओरडणार, कुणाला तरी बोलवावं. पण त्यांनी हळू आवाजात विचारलं, "मग आंब्याखालचे?"

दादा, माझ्या तोंडावर आलं होतं, ते आता गेले, आता येत नाहीत म्हणून सांगावं. इतकं सोपं होतं! त्यांचा चेहरा लगेच निवळला असता.

मी म्हटलं, "तिथे कुणी नव्हतं."

"कधीच?"

"कधीच नाही."

ते माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत असं सरळ त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. "पण तू तर रोज हो म्हणायचीस," ते म्हणाले. "कुणाला पाहून म्हणत होतीस?"

"तुम्हाला पाहून."

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, परिचारिका येऊन उभी राहिली. मी उठले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "यापुढे म्हणू नकोस."

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

तुझी
जयू